दुनळीतलं खोबरेल

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींनी आपली माहिती सांगितली ती अशी: मुलगा अंबडच्या कारखान्यात, राहायला इंदिरानगरात फ्लॅट, वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त, आणि घरात बाराबोरची दुनळी बंदूक. शेवटचं वाक्य माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतः सांगितलं आणि नंतर थोडं थांबले. आम्ही काहीतरी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असावी. माझी आई म्हणाली, "अरे वा." परत येताना रिक्षात तिने मला विचारलं, "पण मारणार कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही. बंदूक सासऱ्यांच्या वडिलांची. त्यांच्या शेतात रानडुकरं शिरायची, म्हणून त्यांनी परवाना काढून ती घेतली होती. पुढे शेत वाटण्यांत गेलं, डुकरं त्यांच्या वाटेने गेली, आणि बंदूक परवान्यासकट बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर झाली. बाबांनी तिच्यातून एकही बार काढलेला नाही. घरात काडतूस नव्हतं. कॅनव्हासच्या गवसणीत ती लोखंडी कपाटात उभी असायची. सोबत डांबराच्या गोळ्या, आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. शेजारीच आईंचा, म्हणजे सासूबाईंचा शालू. दोघांना एकच वास यायचा आणि दोघंही वर्षातून एकदाच बाहेर निघायचे.

बंदुकीचा दिवस दसऱ्याचा. खरं तर काम आदल्या दिवशी, खंडेनवमीला सुरू व्हायचं. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली जायची. बाबा आंघोळ करून, धुतलेला पायजमा-बनियन घालून मधोमध बसायचे आणि घरातल्यांनी आपापली कामं बाजूला ठेवावीत अशा बेताने घसा खाकरायचे. मग बंदूक गवसणीतून निघायची. उजव्या अंगठ्याने वरची कळ बाजूला ढकलली की नळ्या खाली झुकायच्या आणि बंदूक मधोमध उघडायची. तिचा 'खटॅक' असा आवाज व्हायचा. त्या आवाजासाठी बाबा टीव्ही बंद करायला लावत.

साफसफाईचं सामान मात्र सगळं घरातलं. बंदुकीसाठी वेगळं तेल, ब्रश, गज असं काही मिळतं हे बाबांना ठाऊक होतं, पण ते आणायला दुकानापर्यंत जावं लागलं असतं आणि त्यांच्या मते ते दुकानदार लुटारू होते. नळीतून चिंधी ओढण्यासाठी पायजम्याची जुनी नाडी वापरली जायची. नाडी ओवायची सुई एका टोकाला बांधून ती नळीत सोडायची, दुसऱ्या टोकाला जुन्या बनियनची चिंधी, आणि खालून ओढायचं. सांध्यांतली धूळ काढायला निवृत्त टूथब्रश. रॉकेल मिळत होतं तोवर पहिला हात रॉकेलचा. रेशनचं रॉकेल बंद झाल्यावर बाबांनी स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आई देवापुढे निरांजनाच्या वाती वळत होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं. तो विचार तिथेच संपला. शेवटचा हात शिलाई मशीनच्या तेलाचा. मशीन आईंचं, त्यामुळे तेलाची बाटलीही त्यांचीच. बाबा हात पुढे करत आणि शस्त्रक्रिया चालू असल्यासारखं म्हणत, "तेल."

नाडी खरं तर आईच ओढायच्या. बाबा नळीला डोळा लावून, "अजून एकदा," म्हणायचे. आई ओढायच्या. "अजून." आई म्हणायच्या, "त्यापेक्षा तुम्हीच आत जाऊन या."

दसऱ्याला पाटावर आधी बंदूक, मग पोळपाट, कात्री, माझा लॅपटॉप आणि नवऱ्याच्या गाडीची किल्ली अशी पूजा मांडली जायची. बंदुकीला हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं. संध्याकाळी सोनं द्यायला येणारी मंडळी पाटाजवळ जरा रेंगाळायची. सोसायटीचे चेअरमन दर वर्षी ती हातात घेऊन फोटो काढून घ्यायचे. एका वर्षी ते म्हणाले, "काका, एकदा हवेत काढू या की बार!"

"हवेनं काय केलंय?" आईंनी विचारलं आणि त्यांच्यापुढे पेढे धरले.

माझ्या नवऱ्याला बंदूक घरात नको होती. तसं तत्त्वाचं कारण काही नव्हतं. परवान्याचं नूतनीकरण, त्यासाठीच्या खेपा, निवडणूक आली की ठाण्यात जमा करणं आणि परत आणणं, हे सगळं त्याला करावं लागायचं. मागच्या नूतनीकरणाच्या वेळी बापलेकांची चांगली जुंपली. नवरा म्हणाला, "बाबा, देऊन टाका आता. तुम्हाला झेपणार आहे का हे?" बाबा म्हणाले, "मला काय झालंय?" मग दोघांनीही आवाज चढवला. त्या भांडणाचा निकाल आईंनी भाजी निवडता निवडता लावला. "हे बघा," त्या बाबांना म्हणाल्या, "जोवर तुम्ही ती स्वतःच्या हाताने उघडताय तोवर ठेवा. ज्या दिवशी उघडता येणार नाही त्या दिवशी देऊन टाका. आणि तोवर," हे मुलाला, "तू तोंड उघडायचं नाही."

दोघांनी मान्य केलं. तेव्हापासून तो 'खटॅक' नुसता आवाज राहिला नाही. बाबांचं वय बंदुकीच्या कळीवर मोजलं जाऊ लागलं. नवरा नवमीला मुद्दाम घरी थांबायचा आणि वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवायचा. आवाज झाला की पान उलटायचा.

गेल्या खंडेनवमीला आवाज झाला, पण उशिरा. बाबांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली, दस्ता पोटाशी दाबला, कळीवर एका अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवला. मान लाल झाली. नवऱ्याने पान बरंच आधी उलटलं होतं, ते परत मागे घेतलं. शेवटी उघडली. बाबा म्हणाले, "जरा जाम झाली आहे," आणि तेलासाठी हात पुढे केला.

तेल नव्हतं. आईंनी शिलाई मशीन उन्हाळ्यात कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाकलं होतं, आणि मशीनबरोबर बाटलीही गेली होती. आईंनी क्षणभर विचार केला आणि स्वयंपाकघरातून खोबरेल तेल आणलं. "डोक्याला चालतं, हिला का नाही चालणार?" बाबांनी तक्रार केली नाही. ते अजून धापा टाकत होते. आईंनी सढळ हाताने तेल घातलं. नळ्यांत, बिजागरीत, कळीखाली, चापाभोवती. दस्त्यालाही चोळलं. दुसऱ्या दिवशी भटजींनी पंचामृताचा थेंब शिंपडला तो अर्थात बिजागरीवरच पडला. मग हळद. मग गवसणी. आम्ही सगळे श्रीखंडाकडे वळलो.

जानेवारीत महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि परवानाधारकांनी हत्यारं जमा करावीत असा निरोप ठाण्यातून आला. नवऱ्याची पहिली पाळी, म्हणून बाबांना घेऊन मी गेले. कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्धी रजा टाकली. अर्जात कारण 'कौटुंबिक' लिहिलं.

नाशिकची थंडी त्या आठवड्यात कडक होती. सकाळी केसांना लावायला घेतलेली खोबरेलाची बाटली मी उलटी केली, ठोकली, शेवटी चमच्याची दांडी घालून आतलं पांढरं काढलं. बंदुकीतही तेच तेल आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. बाबा इस्त्रीचा सफारी घालून तयार होते. हा सफारी ते फक्त लग्नाला आणि ठाण्यात जायला घालतात. बंदूक त्यांनी स्वतः उचलली, लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, "जरा ठाण्यात जाऊन येतो," असं सांगितलं आणि काकू घाबरल्या याचा आनंद गाडीपर्यंत पुरवला.

ठाण्यात बरीच गर्दी होती. एक इच्छुक उमेदवार आले होते. त्यांचं पिस्तूल चामड्याच्या पाकिटात, पाकीट एका माणसाच्या हातात, आणि पिस्तुलाबरोबर फोटो काढायला आणखी तिघे. वस्तू जमा होत होती, तरी चेहऱ्यावर भाव पदक मिळाल्याचा. त्यांच्या मागे बँकेत पहारा करणारे एक निवृत्त फौजी, मफलर गुंडाळून, आपली बंदूक छत्रीसारखी धरून उभे. मग आम्ही.

टेबलाशी बसलेला हवालदार निफाडकडचा असावा. बाबांनी गवसणी सोडली तसा तो ओरडला, "बाबा, तोंड खाली, तोंड खाली!"

बाबांनी मान खाली घातली.

"तुमचं नाय हो. बंदुकीचं."

इच्छुकांची माणसं हसली. बाबांनी नळ्या फरशीकडे केल्या. हवालदाराने नंबर ताडून पाहिला. "लय जुनी दिसती. उघडून दाखवा, रिकामी आहे का बघू."

बाबांनी अंगठा कळीवर ठेवला. काही झालं नाही. दुसरा अंगठा वर ठेवला. बंदूक पोटाशी दाबली. सफारीचं मधलं बटण ताणलं गेलं. कळ जागची हलली नाही.

"रिकामी आहे," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षांत काडतूस घातलेलं नाही. माझा शब्द आहे."

"शब्दाची पावती फाडता येत नाय ना, बाबा. उघडल्याशिवाय मी नाय घ्यायचो."

"मग राहू द्या, घरी नेतो."

"आज शेवटचा दिवस आहे. जमा नाय झाली तर परवान्याचं लफडं होईल."

नळ्यांची तोंडं ज्या दिशेला होती त्या दिशेची जागा एव्हाना रिकामी झाली होती. उमेदवार आपल्या माणसांमागे गेले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते हवालदाराला घाबरले नव्हते. संध्याकाळी चार वाजता पाळी संपवून त्यांचा मुलगा घरी येणार होता आणि पहिला प्रश्न कोणता विचारणार होता हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी म्हटलं, "बाबा, तेल गोठलंय." आणि हवालदाराला सांगितलं, "खोबरेल घातलं होतं."

"खोबरेल?" हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बंदुकीला?"

"घरात तेवढंच होतं."

फौजी पुढे आले. बंदूक हातात न घेता त्यांनी वाकून बिजागरीचा वास घेतला. "थोडं दहीपण आहे काय?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"पंचामृत," बाबा म्हणाले.

बाहेर आवारात भिंतीला लागून ऊन पडलं होतं. हवालदाराने एक बाक तिथे ओढून घेतला, त्यावर गोणपाट टाकलं, बंदूक भिंतीकडे तोंड करून आडवी ठेवली आणि एका शिपायाला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगून आत गेला. आम्ही शेजारी बसलो. बाळंतिणीला शेकायला बसवतात तशी ती दिसत होती. थोड्या वेळाने आवारात वास पसरायला लागला. पाकीट सांभाळणारा इच्छुकांचा माणूस बाहेर येऊन इकडेतिकडे बघत म्हणाला, "कोणी नारळाच्या वड्या केल्यात काय?"

बाबा फौजींना बंदुकीची कहाणी सांगू लागले. रानडुकरं, वडील, परवाना. मला ती पाठ होती, तरी त्या दिवशी तिच्यातली डुकरं नेहमीपेक्षा मोठी वाटली. फौजींनी विचारलं, "मग तुम्ही किती मारली?"

"मी वीज केंद्रात होतो," बाबा म्हणाले.

"बरोबर," फौजी म्हणाले. "मीपण बावीस वर्षं स्टोअरमध्येच."

ऊन चढलं. बिजागरीच्या कडेला आधी पांढरी रेघ दिसत होती, ती पिवळसर झाली, मग चमकायला लागली, आणि एक थेंब सुटून गोणपाटावर पडला. मी बोट लावून पाहिलं. तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं. बाबांनीही लावून पाहिलं. ते उठले, सफारी खाली ओढला आणि बंदूक घेतली.

अंगठा कळीवर. त्यावर दुसरा. नखं पांढरी झाली. कळ हलली, मला स्पष्ट दिसलं, गव्हाच्या दाण्याएवढी सरकली आणि परत आली. बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढीच सरकून परत आली. त्यांनी हात झटकले, अंगठ्यांकडे पाहिलं, बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसलं. फौजींनी आवाराच्या फाटकाकडे बघायला सुरुवात केली. तिकडे काहीच घडत नव्हतं.

हवालदार बाहेर आला. "झालं का वितळून?"

बाबा म्हणाले, "झालंय. घ्या, तुम्हीच उघडा. सरकारी हाताने उघडलेली बरी."

हवालदाराने मोबाइल कानाशी तसाच धरून दुसऱ्या हाताने बंदूक उचलली, दस्ता मांडीला टेकवला आणि अंगठ्याने कळ सारली. खटॅक. फोनवर तो कुणाला तरी, "हो, पालक आणतो," असं सांगत होता. नळ्यांतून त्याने भिंतीकडे पाहिलं. दोन स्वच्छ गोल, पलीकडे उन्हातली भिंत. "आतून एकदम चकाचक ठेवलीय की," तो म्हणाला. बाबांनी मान हलवली. नाडी आईंनी ओढलेली होती, पण ते सांगण्याची ती जागा नव्हती.

परतीच्या वाटेवर सिग्नलला बाबा म्हणाले, "यंदा थंडी फार आहे."

"हो ना," मी म्हटलं.

नवरा आला, बूट काढता काढता त्याने विचारलं, "उघडली का?"

"उघडली," मी म्हटलं आणि चहा टाकायला गेले. बाबा टीव्ही पाहत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

निवडणूक झाली. ते इच्छुक उमेदवारीपर्यंतच पोचले नाहीत असं कळलं. बंदूक परत न्यायला हरकत नाही असा निरोप आला. बाबा म्हणाले, "थंडी जाऊ दे." आईंना खोबरेलाचा किस्सा मी सांगितला होता, गोठण्यापर्यंतचाच. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या एकदा भाजी आणायला गेल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून मशीन तेलाची बाटली घेऊन आल्या. "आता आणा तिला," त्या म्हणाल्या. "मी नीट करते." बाबा म्हणाले, "बघू." थंडी गेली. होळी झाली. बाथरूममधलं खोबरेल पातळ झालं. बाबा मात्र जेवणाआधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला कधी मला, कधी आईंना सांगत, आणि उघडलं की दुसरीकडे बघत.

एप्रिलमध्ये, भर उन्हाळ्यात, एका सकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. सफारी नव्हता. साधा शर्ट आणि हातात कापडी पिशवी. "सूनबाई, ठाण्यात जाऊन येऊ. सोडवायला नाही, देऊन टाकायला."

पिशवीत काय आहे ते मला ठाण्यात पोचल्यावर कळलं. नाडी, सुई, चिंध्या, टूथब्रश आणि ती नवी बाटली. तोच हवालदार होता. त्याने रीत समजावून सांगितली, कुठे अर्ज, कुठे सही, पुढे ती कुणाच्या ताब्यात जाईल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी जरा उघडून देता का?"

"आता कशाला? सरकारजमाच तर करायचीय."

"आत खोबरेल आहे. हळद आहे. असं कसं देऊ?"

हवालदाराने उघडून दिली. बाबा त्याच बाकावर बसले. या खेपेला नाडी त्यांनी स्वतः ओढली. मी दुसरं टोक धरायला पुढे झाले तर नको म्हणाले. चिंधी पिवळी निघाली, मग कमी पिवळी, मग पांढरी. ब्रशने बिजागरी घासली. मधाचा एक कण खडीसाखरेसारखा निघाला. मग मशीन तेल, बेताचं. नळीला डोळा लावला आणि कुणाला "अजून एकदा" न म्हणता बंदूक हवालदाराकडे दिली. "बंद करा," ते म्हणाले.

संध्याकाळी नवरा आला. बाबांनी त्याला बूट काढू दिले आणि सांगितलं, "बंदूक देऊन आलो. मला ती उघडता येत नाही. जानेवारीतही आली नव्हती." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेवायची होती की, बाबा. मी उघडून दिली असती." हा माणूस तीन वर्षं याच दिवसासाठी पान उलटत होता.

"तसं ठरलं नव्हतं," बाबा म्हणाले.

कपाटात मोकळी झालेली जागा आईंनी दोन दिवस तशीच ठेवली आणि मग तिथे इस्त्रीचा बोर्ड उभा केला. मशीन तेलाची बाटली मात्र जवळजवळ भरलेली होती आणि बाबांना ती वाया जाऊ द्यायची नव्हती. त्यांनी टूथब्रश घेतला आणि घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला तेल दिलं. मग खिडक्या, मग बाल्कनीचं लोखंडी दार, मग लिफ्टशेजारच्या मीटरच्या पेटीचं झाकण. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही त्यांना बोलावून घेतलं. आता आमचं एकही दार करकरत नाही. आईंची एवढीच तक्रार आहे की हे पाठीमागे कधी येऊन उभे राहतात ते कळतच नाही.